पाळकीय समुपदेशन आणि मनःस्वास्थ्य : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील ख्रिस्ती मंडळ्यांच्या संदर्भात

‘कौन्सेलिंग’ या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘समुपदेशन’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. शब्द सुटसुटीत आहे. परंतु त्याच्या पोटात ‘उपदेश’ आहे, आणि ख्रिस्ती मंडळीच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत पाळक व्यासपीठावरून जे बोलतो त्यालाच ‘उपदेश’ म्हणतात. तेव्हा दुःखाने गांजलेला सभासद पाळकाकडे ‘समुपदेशना’साठी गेला, तर आपल्याला आणखी एक उपदेश ऐकावा लागणार असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे, आणि पाळकालाही आपले काम बोलण्याचे आहे असेच वाटते. वस्तुतः या शास्त्राची आधुनिक घडण नेमकी उलट दिशेने झाली. बोलणाऱ्याला बोलू द्यावे, त्याच्या बोलण्याचा न्यायनिवाडा करू नये, उत्तर हाती देण्याची घाई करू नये, ही त्याची पहिली अट आहे. आपल्याकडील ‘मन मोकळे करणे’ हा घरगुती वाक्प्रचार या अर्थाच्या अधिक जवळ जातो. शास्त्रीय परिभाषेत त्याला स्थान मिळाले नाही, हे एका परीने दुर्दैवच.

हे शास्त्र आणि ख्रिस्ती धर्मसेवा यांचे नाते जुने व काहीसे गुंतागुंतीचे आहे. धर्मगुरूने आत्म्यांची निगा राखावी ही कल्पना चर्चइतकीच प्राचीन असून, सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने पाळकाच्या कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांशी वेगवेगळ्या रीतीने वागावे, असे विस्ताराने सांगितले आहे. तथापि रुग्णालयातील शिस्तबद्ध निरीक्षणावर आधारलेले पाळकीय शिक्षण विसाव्या शतकातील आहे. अमेरिकेतील अँटन बॉयसन हा धर्मोपदेशक १९२० मध्ये स्वतः तीव्र मनोविकाराने ग्रस्त होऊन मनोरुग्णालयात दाखल झाला होता. बरा झाल्यावर त्याने वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मसेवकाचे पद पत्करले आणि १९२५ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेथे आणून रुग्णांच्या सहवासात शिकवण्यास आरंभ केला. ग्रंथ वाचावेत त्याप्रमाणे जिवंत माणसांचे जीवन वाचावे, असा त्याचा आग्रह होता. व्यक्तिकेंद्रित उपचारपद्धतीचा प्रवर्तक कार्ल रॉजर्स यानेही न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दोन वर्षे काढून मग मानसशास्त्राची वाट धरली होती. त्याचे समुपदेशन व मानसोपचार यांवरील पुस्तक १९४२ चे, तर स्युअर्ड हिल्टनर याचे पाळकीय समुपदेशनावरील पुस्तक १९४९ चे आहे. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या अँग्लिकन धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनिसेवा सुरू केली. तिच्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली.

भारतातील अनुभवही याच काळातला आहे. मेथॉडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांना भारतातील सेवेच्या प्रारंभीच्या वर्षांत मानसिक व शारीरिक ग्लानीने ग्रासले होते. त्यांनीच पुढे १९५० मध्ये लखनौ येथे ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र स्थापन केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये फ्लॉरेन्स निकोल्स या कॅनेडियन मिशनरी मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीने मनोरुग्ण विभागाचा पाया घातला. तेथे रुग्णाबरोबर घरचे माणूस राहील असा प्रघात पडला. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी आरंभिलेला हा प्रयोग होता, आणि ज्या समाजात आजारी माणूस एकटा कधीच नसतो त्या समाजाला तो मानवला. याच वेल्लोरमध्ये काही काळ काम केलेल्या फ्रँक लेक या इंग्रज वैद्याने पुढे मानसोपचाराचे शिक्षण घेतले व इंग्लंडमध्ये १९६२ साली पाळकांना या विषयाचे प्रशिक्षण देणारी संघटना काढली. महाराष्ट्रात यवतमाळहून १९८३ मध्ये पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, तसेच पुण्यातीलच कॅथलिक ज्ञानदीप विद्यापीठ, ही धर्मसेवकांच्या शिक्षणाची प्रमुख केंद्रे होत.

आता कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील तीन नगरांकडे वळावे. या नगरांची जडणघडण पाहिल्यावाचून तेथील मंडळीच्या अडचणी कळणार नाहीत. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून छावणीचे नगर झाले. त्याच्या भागांना आजही ‘कॅम्प’ असेच म्हणतात. एवढ्या मोठ्या जनसमूहाने घर, शेजार व भूमी एकदम गमावली. त्या शोकाची वैद्यकीय दखल घेण्याची कोणतीही व्यवस्था तेव्हा नव्हती. तो शोक बाजारपेठेच्या उद्योगात बुडवून टाकण्यात आला असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये. अंबरनाथला अकराव्या शतकातील शिवमंदिराच्या सान्निध्यात आगपेट्यांचा कारखाना, आयुधनिर्माणी आणि पुढे औद्योगिक वसाहत आली व त्यांच्याबरोबर अनेक प्रांतांतील कामगार आले. बदलापूर हे तिघांत सर्वांत उशिरा वाढलेले. मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदार कुटुंबांनी ते भरले. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या जवळपास होती.

येथील ख्रिस्ती समाज एकजिनसी नाही. लॅटिन विधीचे कॅथलिक मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडतात. केरळातून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला व २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. नगर, जालना, सोलापूर या बाजूंनी नोकरीसाठी मुंबईच्या परिसरात आलेली मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबे आहेत. त्यांतील अनेकांच्या मंडळ्या १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या. याखेरीज हिंदी, सिंधी, तमिळ, मल्याळम अशा भाषांतून उपासना करणाऱ्या स्वतंत्र पेंटेकोस्टल सभा आहेत. साहजिकच एकाच घरात आजी मल्याळममध्ये प्रार्थना करते, मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो आणि गल्लीत हिंदी-मराठीत भांडतो. त्या मुलाचे मन खचले, तर ते त्याने कोणत्या भाषेत सांगावे? आजीच्या धर्मगुरूला त्याची भाषा येते, परंतु मुलाला धर्मगुरूची येतेच असे नाही. दुःखाची भाषा ही पाठ्यपुस्तकाची भाषा नसते. ‘जीव घाबरतो’, ‘काळजात कालवाकालव होते’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ अशा शब्दांतून ते व्यक्त होते. हे शब्द ज्याला अपरिचित आहेत त्याला त्यांमागील विकाराचा अंदाज येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर आहे. कमावता माणूस पहाटेची लोकल पकडतो व रात्री परततो. मंडळीशी त्याचा संबंध उरतो तो रविवारी. म्हणजे पाळकाला भेटण्याची वेळ ही उपासना संपल्यानंतरची, आणि जागा बहुधा चर्चचे अंगण, जेथे चार ओळखीची माणसे कान देऊन उभी असतात. गुप्ततेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

सरकारी सेवेची स्थितीही ध्यानात घ्यावी लागते. या पट्ट्याला सर्वांत जवळचे मोठे मनोरुग्णालय ठाण्याचे. ते १९०१ मध्ये स्थापन झाले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आणि त्याअंतर्गत जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे व निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहत असल्याचे आढळले. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे येथील अभ्यासकाने विसरू नये. तथापि हे आकडे निम्म्याने जरी येथे लागू पडले, तरी उपचाराविना राहणाऱ्यांपैकी पुष्कळजण वैद्याच्या आधी मंदिर, दर्गा, गुरुद्वारा किंवा चर्चचे दार ठोठावत असणार, हा तर्क सहज निघतो. तेथे फी नसते, नोंदवही नसते, आणि ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ गेल्याचा बोभाटा होत नाही.

हा विश्वास हे मंडळीचे बळ आहे. तिचा धोकाही त्याच विश्वासातून उद्भवतो. धर्मगुरू एकाच वेळी अनेक नात्यांनी सभासदाशी बांधलेला असतो. तोच पापनिवेदन ऐकतो, तोच लग्न लावतो, बाप्तिस्म्याचा दाखला देतो, पुष्कळदा शाळेच्या प्रवेशासाठी शिफारसपत्रही त्याचेच लागते. ज्याच्यापाशी मद्यपी नवऱ्याच्या मारहाणीची कथा सांगायची, त्याच्याच हाताने पुढच्या आठवड्यात मुलाच्या प्रवेशाचा कागद घ्यायचा, अशी स्थिती असल्यावर किती स्त्रिया मोकळेपणे बोलतील? चर्चच्या कायद्यालाच ही अडचण कळलेली आहे. लॅटिन चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ९८५ वा नियम सांगतो, की सेमिनरीच्या प्रमुखाने अथवा उमेदवारांच्या गुरूने त्याच घरात राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन, त्यांनी स्वतः होऊन विनंती केल्याखेरीज, ऐकू नये. अधिकार आणि अंतःकरण या दोहोंच्या किल्ल्या एकाच हाती असू नयेत, हा त्यामागील विचार. तो सेमिनरीपुरताच का राहावा, असा प्रश्न विचारण्यास जागा आहे.

पापनिवेदन आणि समुपदेशन यांतील भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. कारण सामान्य सभासदाच्या मनात त्यांची सरमिसळ होते. पापनिवेदन हा संस्कार आहे. त्यात सांगितलेले कोणत्याही कारणास्तव उघड करता येत नाही. ९८३ वा नियम ही मुद्रा अभंग मानतो, आणि पौर्वात्य कॅथलिक चर्चसाठी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संहितेतही तीच तरतूद आहे. परंतु संस्काराबाहेर, चहाच्या पेल्यावर किंवा कार्यालयात बसून केलेल्या बोलण्याला हे कवच नाही. तेथे गुप्तता असते ती विश्वासाची व शिष्टाचाराची. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर संस्कारमुद्राच नसल्याने सर्व भार पाळकाच्या सचोटीवर पडतो. भारतीय कायद्याने वकील व अशील यांच्यातील संभाषणाला संरक्षण दिले आहे; १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात धर्मगुरूला तसे संरक्षण नव्हते आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे १९ वे कलम आणखी पुढे जाते. बालकावर अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्याला ज्याला कळले त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणे हा २१ व्या कलमान्वये गुन्हा. यात धर्मगुरूचा अपवाद नाही. म्हणून चौदा वर्षांची मुलगी रविवारशाळेच्या शिक्षिकेला काही सांगू लागली, तर ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन त्या शिक्षिकेने देऊ नये. ते पाळता येणार नाही, आणि मोडल्यावर त्या मुलीचा पुन्हा कोणावरही विश्वास बसणार नाही. गुप्ततेची मर्यादा संभाषणाच्या आरंभीच सांगणे हा समुपदेशनाच्या शिक्षणातील अगदी प्राथमिक पाठ आहे. आपल्याकडील मंडळ्यांत तो गिरविला जाणे निकडीचे आहे.

स्त्रियांच्या बाबतीत मराठी मंडळ्यांनी एक अनौपचारिक सोय पूर्वीपासून केलेली आहे, ती पाळकीणबाईंची. घरातील क्लेश, वंध्यत्वाचे टोमणे, बाळंतपणानंतरची उदासी या गोष्टी पाळकाच्या आधी त्यांच्या कानी जातात. त्यांचे नाव कोणत्याही वेतनपत्रकावर नसते, त्यांना प्रशिक्षण नसते, आणि त्यांचे स्वतःचे मन मोकळे करण्यास जागा नसते. कारण तक्रार करायची तर ती मंडळीविषयीच, आणि ऐकणार मंडळीच! मराठी ख्रिस्ती स्त्रीच्या मनोव्यथेचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंवर जो आघात झाला आणि स्वतः ख्रिस्ती होईपर्यंतची जी वर्षे त्यांनी काढली, त्यांचे वर्णन आजच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने विकृतिशास्त्राच्या पुस्तकाबरोबर ठेवून वाचावे. विनोदबुद्धी हा शोक पचविण्याचा एक मार्ग कसा असू शकतो, हे त्यात जितके दिसते तितके कोष्टकांतून दिसत नाही.

प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या सभांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. कल्याणजवळ मुरबाड रस्त्यावर व्हिन्सेंशियन धर्मगुरूंचे ताबोर आश्रम हे ध्यानसाधनेचे केंद्र आहे. पेंटेकोस्टल सभांतही रोगमुक्तीच्या प्रार्थनेला मोठे स्थान असते. सामूहिक गायन, डोक्यावर ठेवलेला हात, आपले नाव घेऊन कोणीतरी देवाकडे मागणे मागते आहे ही जाणीव, यांनी खचलेल्या मनाला आधार मिळतो यात शंका नाही, आणि त्याची टर उडविणे अशास्त्रीय ठरेल. खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. छिन्नमनस्कतेच्या किंवा उन्माद-अवसादाच्या रुग्णाला सभेनंतर आठ-दहा दिवस बरे वाटते. कोणी सुचविते की गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास. औषध थांबते. हे विकार औषध थांबविल्याबरोबर उलटतीलच असे नाही, कित्येकदा काही आठवडे वा महिने जातात, आणि म्हणूनच गोळ्या बंद केल्याने रोग उलटला हा संबंध घरच्यांच्या ध्यानात येत नाही. उलटलेला रोग मग सैतानाचा दुसरा हल्ला ठरतो. कॅथलिक चर्चने भूतनिवारणाच्या विधीवर कडक बंधने घातली आहेत. बिशपाच्या स्पष्ट परवानगीवाचून तो करता येत नाही, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित विधीत आधी मनोविकाराची शक्यता तपासण्यास बजावले आहे. स्वतंत्र मंडळ्यांवर असा वरिष्ठांचा अंकुश नसतो. त्यांना लागू पडतो तो देशाचा कायदा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने भूत उतरविण्याच्या मिषाने बांधणे, मारहाण करणे यांसारखी कृत्ये गुन्हा ठरविली आहेत. निरुपद्रवी प्रार्थना-उपासनेला तो आड येत नाही. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या परिसरातील एका आश्रयस्थानाला आग लागून साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने जखडण्यास मनाई केली. याउलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास ‘दवा-दुआ’ या नावाने उपक्रम निघाला. त्यात दर्ग्याचे मुजावरच रुग्णाला आवारातील मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. दुआ करणाऱ्याचा शब्द रुग्णाचे घर मानते. तोच ‘गोळी घे’ म्हणाला तर ती घेतली जाते. कल्याण-कर्जत पट्ट्यातील ध्यानकेंद्रे व प्रार्थनासभा यांना हा धडा परका वाटण्याचे कारण नाही.

आत्महत्येसंबंधी ख्रिस्ती परंपरेवर एक जुने ओझे आहे. अँग्लिकन चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने आत्मघात केलेल्यांसाठी दफनविधीची प्रार्थना म्हणण्यास मनाई केली होती, आणि कॅथलिकांच्या १९१७ च्या संहितेनेही बुद्धिपुरस्सर आत्मघात करणाऱ्याला धार्मिक दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेने ते कलम वगळले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात तीव्र मानसिक विकाराने मनुष्याची जबाबदारी कमी होते असे नमूद आहे. भारतीय कायदाही त्याच दिशेने सरकला. २०१७ च्या अधिनियमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत जुन्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम त्या रूपात राहिले नाही. परंतु नियम बदलले तरी आठवण राहते. आजोबांच्या काळी अमक्याला कबरस्तानाच्या कोपऱ्यात पुरले, ही गोष्ट ज्या घरात सांगितली जाते त्या घरातील तरुण आपला तसा विचार पाळकापाशी बोलून दाखवीत नाही. आणि ज्या घरात असा मृत्यू होतो ते घर त्याला अपघाताचे नाव देते. लोहमार्गाच्या काठी वसलेल्या गावांत हे नाव सहज खपते. शोक करणाऱ्यांना मग शोकाचे खरे कारणच उच्चारता येत नाही. अशा घरी पाळकाने दफनाच्या दिवशी काय म्हटले, यावर त्या घरातील पुढच्या जिवांचे भवितव्य काही अंशी अवलंबून असते. मृत्यूची कारणमीमांसा टाळून मृताचे नाव आदराने घेणे, आणि पंधरा दिवसांनी, लोकांची ये-जा थांबल्यावर, पुन्हा त्या घरी जाणे, एवढ्यासाठी पदवी लागत नाही. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूत चुकीची आहे. सरळ विचारल्याने बोलणाऱ्याचा भार हलका होतो, हेच अनुभवास आलेले आहे.

पाळकाने कुठवर जावे आणि कुठे थांबावे, याचे सर्वसाधारण निकष मानसोपचारशास्त्र देऊ शकते. झोप व भूक कित्येक आठवडे बिघडलेली असणे, कानी आवाज येणे, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका, दारू सुटताना होणारा कंप किंवा भ्रम, प्रसूतीनंतर बाळाविषयी विचित्र कल्पना, यांपैकी काही आढळले तर ते वैद्याचे काम आहे, आणि त्यात विलंब करणे धोक्याचे आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे. चर्चच्या सूचनाफलकावर तो लावण्यास खर्च येत नाही. याउलट वैधव्य, बेकारी, परीक्षेतील अपयश, परदेशी गेलेल्या मुलांच्या पाठी राहिलेल्या वृद्धांचे एकाकीपण यांत मंडळीचा सहवास हाच पुष्कळदा मुख्य उपचार ठरतो, आणि त्यात पाळकापेक्षा शेजारच्या बाकावर बसणारा सभासद अधिक उपयोगी पडतो. ‘समुपदेशक’ ही पाटी दीर्घकाळ कोणालाही लावता येत असे. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या अधिनियमाने समुपदेशकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली आहे. पाळकाच्या सांत्वनाला कोणी परवाना मागणार नाही. मात्र मंडळीच्या आवारात ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लागली, तर तेथे बसणाऱ्याचे शिक्षण काय, त्याच्या कामावर देखरेख कोणाची आणि लिहून ठेवलेल्या नोंदी कोणाच्या कपाटात, हे विचारण्याचा अधिकार दाराशी आलेल्या माणसाला पोहोचतो.